प्रोजेक्ट विकत आणू नका, गच्चीवर जा

मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या लॅबला असिस्टंट आहे. सातपूर आयटीआयचा वायरमन, मग अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग, मग इथे. पोरं एरवी 'सर' म्हणतात आणि मीटर हवा असला की 'काका'. गाइड मी नाही, ते तुमचे प्राध्यापक. पण मीटर माझ्या कपाटातून जातो आणि फ्यूज उडून माझ्याकडेच परत येतो. त्यामुळे कुणाचा प्रोजेक्ट हाताने झालाय आणि कुणाचा दुकानातून आलाय, हे एक्स्टर्नलच्या (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या) आधी मला कळतं. रेडीमेड प्रोजेक्ट विकणाऱ्यांची आता कमी नाही. पैसे द्या, किट घ्या, ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवालही तयार मिळतो. एलईडी पेटतो, एलसीडीवर आकडे पळतात. तो आकडा बरोबर कशावरून, असं विचारलं की ग्रुपमधले चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ज्यांना खरंच काही मोजून शोधायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पॉवर आणि सोलरच्या विषयात बी.ई.च्या पोरांना झेपेल असं काम भरपूर पडलंय आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

टायटल नंतर, प्रश्न आधी

गाइडकडे जाताना टायटल नेऊ नका, प्रश्न न्या. असा प्रश्न की ज्याचं उत्तर तुम्हाला आणि गाइडला दोघांनाही आज ठाऊक नाही, पण मीटरने ते मिळू शकतं. 'सोलर ट्रॅकर बनवणे', म्हणजे सूर्यामागे पॅनेल फिरवणारं यंत्र जोडणे, हा प्रश्न नव्हे, ती जोडाजोडी झाली. 'दक्षिणेकडे २० अंशांवर पक्क्या बसवलेल्या पॅनेलपेक्षा ट्रॅकरने डिसेंबरमध्ये किती वीज जास्त दिली आणि त्यातली किती ट्रॅकरच्या मोटरनेच खाल्ली' हा प्रश्न. छोट्या ट्रॅकरमध्ये जादा मिळालेली वीज मोटर आणि कंट्रोलरच गिळून बसतात का, हे तपासायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. उत्तर 'फायदा नाही' आलं तर मार्क जातील अशी भीती असते. जात नाहीत. 'फायदा नाही' हे नीट मोजून दाखवलं तर तोही निष्कर्षच आहे.

आपल्या जिल्ह्यात असे प्रश्न पावलापावलावर आहेत. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राजवळच्या गच्चीवर आणि गंगापूर रोडच्या गच्चीवर पॅनेल सारखंच मळतं का? (एकलहऱ्याला व्हिजिट सगळेच करतात. २१० मेगावॅटचे तीन संच, कूलिंग टॉवरसमोर फोटो, वडापाव, परत. त्याला संशोधन म्हणू नका.) दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी-भुरी या रोगांसाठी फवारणीवर फवारणी चालते. बागेच्या बांधावरच सोलर पंपाची पॅनेल असतात. त्या फवाऱ्याचा थर काचेवर बसतो का, नुसत्या पाण्याने निघतो का, आणि करंट किती पाडतो?

पंपाचंही तसंच. शेतकऱ्याला सरकारी योजनेतून सोलर पंप मिळतो तो जमिनीच्या हिशेबाने: अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. द्राक्षबागेला ठिबक आणि पाण्याचे दिवस ठरलेले. मग वर्षातले किती उन्हाचे तास पंप बंद आणि पॅनेल रिकामं? पंप चालू की बंद एवढंच नोंदवणारा लॉगर आणि शेजारी ऊन मोजणारं छोटं पॅनेल एवढ्यावर हे काम होतं. पंपाच्या मूळ वायरिंगला मात्र हात लावायचा नाही. तिथे काही शे व्होल्ट डीसी असतं आणि पंप शेतकऱ्याचा असतो.

वाचायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या एनसीपीआरई या सोलरवरच्या संशोधन केंद्राने देशभर फिरून जुन्या पॅनेलांची जी पाहणी केली तिचे अहवाल वाचा. २०१३ पासून काही वर्षांच्या अंतराने केलेल्या या पाहण्या आहेत. गरम हवामानातल्या पॅनेलांची पॉवर थंड भागातल्यांपेक्षा लवकर उतरते, हे त्यातून दिसलं. पण तुमच्या कामाचं दुसरंच आहे: कुठल्या मीटरने, कुठल्या वेळी, कसं मोजलं ते त्यांनी लिहून ठेवलंय.

धुळीचा प्रयोग पहिल्यापासून

एकच प्रयोग नीट सांगतो, कारण त्यात सगळं शिकायला मिळतं. प्रश्न असा: पावसाळा संपल्यापासून आपल्या कॉलेजच्या गच्चीवर पॅनेल न धुता ठेवलं तर आठवड्याला किती टक्के करंट जातो? सिंहस्थाच्या निमित्ताने शहरभर खोदकाम चाललंय, धुळीला तोटा नाही.

५० वॅटची, एकाच कंपनीची, शक्यतो एकाच लॉटची दोन पॅनेल घ्या. मोठी ५४० वॅटची नकोत. त्यांचा शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलची दोन टोकं थेट जोडली की वाहतो तो) १३-१४ अँपिअर असतो आणि आपल्या मल्टिमीटरची रेंज १० अँपिअरची. फ्यूज माझ्याकडे मागायला याल. ५० वॅटचं पॅनेल सुमारे ३ अँपिअर आणि २१-२२ व्होल्ट देतं, हाताळायला सुरक्षित.

दोन्ही एकाच अँगलवर, एकाच दिशेला, शेजारी शेजारी. टाकीची, पॅरापेटची सावली डिसेंबरमध्ये कुठवर येते ते आधी बघा, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि ऑक्टोबरमध्ये बसवताना दिसली नव्हती ती सावली तेव्हा येऊन पडते. दक्षिण शोधायला मोबाइलचा कंपास वापरू नका. गच्चीवर लोखंडी अँगल आणि सळया असतात, काटा कुठेही फिरतो. ओळंबा लटकवा आणि सूर्य माथ्यावर यायच्या वेळी दोरीची सावली फरशीवर आखून घ्या. ती रेघ खरी उत्तर-दक्षिण.

आता ती वेळ कुठली? बारा नव्हे. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, नाशिक आहे ७३.८ वर. फरक ८.७ अंशांचा, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्यावर येतो. त्यातही वर्षभरात पुढेमागे होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२.१८, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९. दुपारी बाराला 'पीक रीडिंग' घेतलं असं लिहिणारे ग्रुप दरवर्षी असतात आणि मग ग्राफ उजवीकडे का झुकतो म्हणून इन्व्हर्टरला दोष देतात. (२० मेच्या आणि २३-२४ जुलैच्या आसपास सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो, ओळंब्याची सावलीच पडत नाही. तेव्हा दिशा शोधायला जाऊ नका.)

पॅनेल बसली की पहिले दोन आठवडे दोन्ही रोज पुसा आणि दोघांचा शॉर्ट सर्किट करंट नोंदवा. ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच प्रोजेक्ट मरतो. एका लॉटची दोन पॅनेलही सारखी नसतात. समजा स्वच्छ असताना 'ब' पॅनेल 'अ'च्या ०.९८ पट करंट देतं. आता 'ब' मळू दिलं आणि महिन्याने ते प्रमाण ०.९४ झालं, तर नुकसान ६ टक्के नाही. ०.९४ भागिले ०.९८, म्हणजे ०.९५९, नुकसान ४.१ टक्के. पहिले दोन आठवडे वाचवले असते तर उत्तर दीडपट फुगलं असतं.

करंटच का, पॉवर का नाही? पॉवर तापमानाने हलते. पॅनेलच्या लेबलवरचे वॅट सेल २५ अंशांना असतानाचे असतात. एप्रिलमध्ये हवा ३८ अंश आणि ऊन कडक असलं की सेल सत्तरच्या घरात जातो. अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के धरा, १५ टक्क्यांहून जास्त पॉवर तिथेच गेली, धूळ नसतानाही. शॉर्ट सर्किट करंटवर तापमानाचा परिणाम अंशाला ०.०५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे जवळपास नाहीच, आणि ऊन जितकं तितका करंट, सरळ प्रमाणात. म्हणून तुमचं स्वच्छ पॅनेलच ऊन मोजायचं यंत्र होतं. महागडं पायरॅनोमीटर नसलं तरी या प्रयोगाचं अडत नाही. मळलेल्या आणि स्वच्छ पॅनेलच्या या प्रमाणाला आयईसी ६१७२४-१ या मानकात सॉइलिंग रेशो म्हटलंय. तोच शब्द ब्लॅक बुकात वापरा.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. थंडीत पहाटे दव पडतं, धूळ ओघळून खालच्या फ्रेमपाशी साठते आणि तिथे मळाचा पट्टा तयार होतो. सगळे सेल सिरीजमध्ये असल्याने पट्ट्याखालचे सेल अख्ख्या पॅनेलचा करंट अडवतात. तेव्हा करंटचा आकडा 'सरासरी धूळ' सांगत नाही. असा पट्टा दिसला की फोटो काढा, तारीख टाका आणि त्या दिवशी रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स) लावून पूर्ण आय-व्ही कर्व्ह, म्हणजे करंट-व्होल्टेजचा आलेख, घ्या. कर्व्हवर पायरी दिसली तर अडलेल्या सेलना वळसा देणारा बायपास डायोड कामाला लागलाय. पॅनेल उभं ठेवलं की आडवं, यावर हा पट्टा किती नडतो ते ठरतं, आणि कुठल्या ग्रुपला हवा असेल तर हा वेगळा प्रोजेक्ट आहे.

धुवायचं पाणी बोअरचं नको, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. आरओचं पाणी, मऊ कापड, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत स्वच्छ पॅनेल कोण पुसणार ते आजच ठरवा. होस्टेलची पोरं गावाला जातात, नाशिकचं कुणीतरी ग्रुपमध्ये घ्या. आणि अवकाळी पाऊस पडला तर रडू नका. किती पावसाने पॅनेल किती धुतलं गेलं हा फुकट मिळालेला डेटा आहे. चार थेंबांनी कधी कधी उलट चिखल होतो, तेही नोंदवा.

आर्डुइनोच्या नऊ पायऱ्या

करंट मोजायला ५ अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट, म्हणजे ठरलेल्या, अगदी कमी रेझिस्टन्सचा तुकडा, घ्या. ३ अँपिअरला तो ४५ मिलिव्होल्ट देतो. पोरं तो थेट आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला लावतात. उनो ५ व्होल्टचे १०२४ तुकडे करतो, एक तुकडा सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणजे तुमच्या अख्ख्या उन्हाला मिळाल्या फक्त नऊ पायऱ्या! एक पायरी खाली म्हणजे ११ टक्के. ४ टक्क्यांची धूळ त्याला दिसणार कशी? तरी स्क्रीनवर दोन दशांश स्थळं झळकत असतात, कारण कोडमध्ये तसं छापायला सांगितलंय.

त्याच शंटला एडीएस१११५ ही बारीक व्होल्टेज मोजणारी चिप लावा. गेन १६ वर एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची होते, ४५ मिलिव्होल्टला साडेपाच हजारांहून जास्त पायऱ्या. करंट मोजणारा, हॉल सेन्सरवाला एसीएस७१२ सगळ्या किटमध्ये असतो, पण त्याचं शून्य तापमानाने सरकतं. गच्चीवरच्या डब्यात दुपारी काय होत असेल बघा. पंखा चालू-बंद दाखवायला तो ठीक, एवढ्या बारीक फरकाला नाही.

शंटला चार स्क्रू असतात, बाहेरचे दोन मोठे करंटसाठी, आतले दोन बारीक व्होल्टेजसाठी. व्होल्टेजच्या वायरी बाहेरच्या स्क्रूला लावल्या तर लगच्या जोडाचा रेझिस्टन्सही मोजला जातो, आणि तो जोड आज घट्ट असतो, महिन्याने सैल. मग धूळ वाढल्यासारखी दिसते आणि वाढलेला असतो गंज.

लॉगरवर आंधळा विश्वास नको. आठवड्यातून एकदा तरी लॅबचा चांगला मल्टिमीटर सिरीजमध्ये टाकून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. वहीच, एक्सेल नाही. एक्सेलमध्ये खोडलेलं दिसत नाही.

डेटा निवडताना आधी नियम ठरवा, मग फाइल उघडा. उदाहरणार्थ, माथ्यावरच्या वेळेच्या आधी एक तास ते नंतर एक तास, आणि स्वच्छ पॅनेलचा करंट त्याच्या रेटिंगच्या निम्म्याहून जास्त असलेलीच रीडिंग. ढगाळ दिवस 'वाईट दिसतो' म्हणून काढायचा नाही, नियमात बसत नाही म्हणून काढायचा. ढगाच्या कडेने ऊन परावर्तित होऊन करंट काही सेकंद लेबलवरच्या आकड्याच्या वर जातो, त्याला सेन्सर बिघडला समजू नका.

डीसी म्हणजे एसी नाही

हे थोडक्यात, पण पाठ करा. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो म्हणून स्विच उघडताना आर्क विझतो. डीसीला शून्यच नाही. चालू लोडवर पॅनेलच्या वायरीचा एमसी४ कनेक्टर ओढला तर आर्क तसाच धरून राहतो. आधी लोड तोडायचा, डीसी रेटिंगच्या आयसोलेटरने, मगच कनेक्टर. घरातला साधा एसी एमसीबी इथे चालत नाही. ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. झाकायचं तर जाड, अपारदर्शक काहीतरी टाका. आणि साध्या एसी क्लॅम्प मीटरने डीसी मोजायला जाऊ नका. तो शून्य दाखवेल आणि तुम्ही बिनधास्त हात घालाल.

गच्चीवर एकट्याने नाही. किल्ली माझ्याकडे आहे, दोघं असल्याशिवाय मिळत नाही.

पॅनेल घ्यायला पैसे नसतील तर

तर दुसऱ्यांची पॅनेल आहेतच. २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, त्यामुळे ग्रुपमधल्या कुणाच्या ना कुणाच्या काकांच्या गच्चीवर सोलर सापडतंच. त्यांच्या परवानगीने इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधला डेटा घ्या. सगळे युनिट बघतात, तुम्ही ग्रिड व्होल्टेजचा कॉलम बघा. २४० व्होल्टला ६ टक्के वरखाली धरलं तर वरची हद्द २५४ च्या आसपास येते. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर १२.५ अँपिअर बाहेर ढकलतो; ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या तारेचा लूप अर्धा ओहम असला तर घरात ६ व्होल्ट चढतात. गल्लीत अशी पाच-सहा घरं झाली की दुपारी काय होतं? सुट्टीच्या दिवशी, एमआयडीसी बंद असताना, आणखी चढतं का? इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजने ट्रिप होऊन युनिट बुडतात का? हा पॉवर सिस्टिमचा अस्सल प्रश्न आहे आणि खर्च पेट्रोलचा. नंतर ओपनडीएसएस किंवा पँडापॉवर या सॉफ्टवेअरमध्ये तीच गल्ली मॉडेल करा, दोन्ही फुकट आहेत. मोजलेलं आणि मॉडेल जुळलं नाही तर तारेची लांबी पुन्हा मोजून या. बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

दुसरं, कॉम्प्युटर लॅबचा न्यूट्रल. कॉम्प्युटरचे एसएमपीएस (आतले पॉवर सप्लाय) तिसरा हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या तिप्पट, १५० हर्ट्झचा करंट ओढतात आणि तीन फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, बेरीज होते. एकाच वायरवर साधा क्लॅम्प आणि ट्रू आरएमएस (वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारा) क्लॅम्प लावून दोघांचे आकडे बघा, डोळे उघडतील. विजेचा बोर्ड उघडायचं काम कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनचं, तुमचं नाही.

महावितरणकडून फीडरचा डेटा हवा असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीने, नेमकं काय हवं ते लिहून अर्ज द्या: कुठला फीडर, कुठले महिने, कुठला आकडा. 'प्रोजेक्टसाठी माहिती मिळावी' अशा अर्जाला उत्तर येत नाही आणि येऊही नये. शेतकऱ्याकडे जाताना छाटणीच्या किंवा माल काढायच्या गर्दीत जाऊ नका. त्यांच्या पंपाचं काय निघालं ते नंतर जाऊन सांगा. आमच्याकडची बरीच पोरं डेटा घेऊन गायब होतात आणि पुढच्या ग्रुपला गेटवरूनच परत यावं लागतं.

ब्लॅक बुक आणि व्हायवा

पहिली तीस पानं 'सौरऊर्जा ही काळाची गरज' लिहू नका, एक्स्टर्नल ते उलटतसुद्धा नाहीत. सर्किटचा खरा फोटो, स्वच्छ असतानाच्या दोन आठवड्यांचं टेबल, डेटा निवडायचा नियम आणि उत्तरासोबत अनिश्चितता. 'नुकसान ४.१ टक्के' असं नाही, '४ टक्के, अधिक-उणे १' असं, आणि तो १ कुठून आला ते: मीटरचा किती, दोन पॅनेलांच्या अँगलमधल्या फरकाचा किती. 'तुमच्या आकड्यात चूक किती असेल?' एवढं एक नीट सांगता आलं की पुढचे प्रश्न गप्पांसारखे होतात.

सबमिशन झालं की पॅनेल भंगारात टाकू नका. मागे 'अ' आणि 'ब' मार्करने लिहा, तुमचं ते ०.९८ किंवा जे असेल ते तारखेसह त्याखाली लिहा, वहीची झेरॉक्स माझ्याकडे द्या. पुढच्या ग्रुपने तीच पॅनेल पुसून पुन्हा मोजली की वर्षभरात एक दुसऱ्यापेक्षा किती जास्त उतरलं हेही कळेल. शंट, रिओस्टॅट, दोन्ही क्लॅम्प रजिस्टरवर सही करून जमा करा, आणि मल्टिमीटर देताना नॉब ऑफवर आहे का तेवढं बघा, ९ व्होल्टचा सेल दरवेळी मीच आणतो.